दोनशे पंचावन्नावा मजला

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजोबांनी आज पुन्हा तळघर दोनशे पंचावन्नाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं.

आजोबा म्हणजे आमच्या चाचणी विभागातलं चौथं मशीन. बाकीची तीन काचेच्या कपाटात, गार हवेत, निळे दिवे लुकलुकवत बसतात. आजोबा पॅन्ट्रीच्या मागे, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. पंखा घोरतो, म्हणून हे नाव. हाकलूनही देता येत नाही — जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये जो प्रोसेसर बसवलाय तो ह्यांच्याच घराण्यातला. आणि आमची कंपनी लिफ्टचं सॉफ्टवेअर करते. चारही घराण्यांवर पास झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नाही. निदान भिंतीवर तसं लिहिलंय.

भानगड साधी आहे. मजल्याचा आकडा एका इवल्याशा खान्यात ठेवायचा. तळमजला शून्य, सहावा सहा, तळघर उणे एक. आता त्या खान्यात उणे आकडा चालतो की नाही, हे प्रोग्राममध्ये स्पष्ट सांगावं लागतं. आमच्या दाढीने सांगितलं नाही. (दाढी म्हणजे ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो. चेहऱ्याचा उरलेला भाग मी अजून पाहिलेला नाही.) सांगितलं नाही की प्रत्येक घराणं आपापल्या वळणाने समजून घेतं. तिघं समजतात — चालतो. आजोबांच्या घराण्यात मात्र उणं असं काही नसतंच. त्यांना उणे एक दिलं की ते ठामपणे दोनशे पंचावन्न वाचतात.

म्हणजे तळघराचं बटण दाबलं की लिफ्ट वर निघणार. आणि जातच राहणार. सहा मजली इमारतीत!

दाढीला नेऊन दाखवलं. त्याने लॅपटॉप उघडला, चालवलं, माझ्याकडे वळवला. म्हणे, "माझ्याकडे तर चालतंय." म्हटलं, उत्तम, मग प्रत्येक लिफ्टमध्ये तुझाच लॅपटॉप टांगू.

५ फेब्रुवारी

आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद होऊन आता चौथा महिना. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट थांबायच्या आधीच दार उघडायचं. तपासनीस आले, बघितलं, लाल पट्टी चिकटवून गेले. नवी आवृत्ती बसली की पट्टी निघेल. नवी आवृत्ती कोण करतं? आम्ही. अडवून कोण बसलंय? मी.

आणि सहाव्या मजल्यावर कोण अडकलंय? माझी आई. गुडघे गेलेले, दोन्ही खांदे आखडलेले. हात छातीच्या वर जात नाही, वेणीसुद्धा मी घालते. चार महिन्यांत तिने जमीन पाहिली ती वरूनच. खालच्या मावशी — तळमजल्यावरची तिची मैत्रीण — अंगणात खुर्ची टाकून बसतात, आई खिडकीत. दोघी एकमेकींना दिसतात, तरी दोघींच्या कानाला फोन. भाजीची पिशवी दोरीने वर येते. वाचून झालेली मासिकं दोरीने खाली जातात. मध्यंतरी एकदा भांडण झालं तेव्हा पिशवी दोन दिवस तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत होती. खालून वर घे म्हणणार नाही, वरून खाली सोडणार नाही.

आज वेणी घालताना आई म्हणाली, "झालं का गं तुझं पास?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने हा प्रश्न माझ्या बाजूने विचारला असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक. हिरवेसाहेब अध्यक्ष. हे त्यांचं आडनाव नव्हे. भिंतीवरच्या पडद्यावर चार खांब आहेत, एकेका मशीनचा एकेक. सगळं पास तर खांब हिरवा, एक जरी नापास तर लाल. साहेबांना लाल सोसत नाही. मागे एकदा माझी लाल छत्री त्यांनी खोलीबाहेर ठेवायला लावली होती.

मी सगळं मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोनशे पंचावन्न मजल्यांची इमारत जगात कुठे आहे?"

म्हटलं, माझ्या माहितीत नाही.

"मग? जो मजलाच नाही तिथे लिफ्ट जाणार कशी?"

खोलीत माना डोलल्या. मला क्षणभर माझाच पक्ष लंगडा वाटायला लागला — हेच त्यांचं कसब. मी सांगितलं, साहेब, ती पोचणार नाही हे खरं, पण निघेल ना! तर म्हणाले, निघणं ही अडचण नसते, पोचणं ही असते. हे वाक्य त्यांनी लगेच वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या वार्षिक भाषणात येणार.

दाढी म्हणाला, एक शब्द घालायचा आहे, दोन मिनिटांचं काम. त्यावर पद्धतबाई उठल्या. ह्या कार्यपद्धती विभागाच्या प्रमुख. कुठलीही गोष्ट का करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला करता येत नाही. म्हणाल्या, कोड गोठवलेला आहे. गोठवल्यापासून बाहेर जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. नियम.

"आणि चाचण्या?" साहेबांनी विचारलं.

चाचण्या गोठवलेल्या नाहीत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे प्रोग्राम चुकीचा आहे तर तो तसाच राहू दे, चाचणी बदला. रोग रेड्याला, औषध पखालीला!

९ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याने सामान वर आणलं. तो हल्ली जिन्याला व्यायाम म्हणतो आणि चौथ्या मजल्यावर बसून व्यायामातून विश्रांती घेतो. तिथल्या बाईंनी त्याच्यासाठी स्टूलच ठेवलंय.

जेवताना लिफ्टच्या गोष्टी निघाल्या. नवऱ्याला आठवलं — मागे एकदा आईने लिफ्टमधली धोक्याची घंटा वाजवली होती. भर दुपारी. अख्खी इमारत गोळा झाली, चेअरमन एका पायात चप्पल घालून पळत आले. दार उघडलं तर आई आत, काठी टेकून, शांत उभी. म्हणाली, काही नाही, सहज बघितलं, चालते का.

तपासणीची हौस मला कुठून आली ह्याचा पुरावाच!

आई हसली नाही. म्हणाली, लिफ्ट सुरू झाली तरी मी कुठे एकटी जाणार आहे, सोबत कोणी असलं तर जाईन. नवरा म्हणाला, आधी सुरू तर होऊ दे. माझ्याकडे बघत म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली की टोमणा मारायला त्याला शब्द लागत नाहीत.

११ फेब्रुवारी

पद्धतबाईंनी तोडगा काढला. नाव — "अपेक्षित नापास".

जी चाचणी नापास होणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ती नापास झाली तर ती नापास नव्हे. ती अपेक्षेप्रमाणे वागली. म्हणजेच पास. त्यासाठी परवाना काढायचा. परवान्यावर तीन सह्या — साहेब, पद्धतबाई आणि बाहेरचे सुरक्षा सल्लागार.

मी म्हटलं, माझा थोरला शाळेत असताना त्याला हे सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. पद्धतबाई म्हणाल्या, "मॅडम, थट्टा नको, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे." आणि दुर्दैव म्हणजे, आहे! चांगल्या घरांतूनही वापरतात. फक्त तिथे ती आठवणीची गाठ असते — हे दुरुस्त करायचंय म्हणून मारलेली. आमच्याकडे ती गाठ म्हणजेच दुरुस्ती.

१२ फेब्रुवारी

परवाना मिळाला. आजोबा आता अधिकृतपणे चुकतात. खांब हिरवा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

परवान्यासाठी रांग लागली आहे.

ज्याच्या त्याच्या हातात एकेक नापास चाचणी. कोणाची दाराची, कोणाची दिव्याची, एकाची तर लिफ्टमधल्या पंख्याची — पंखा उलटा फिरतो, म्हणे हवा लागल्याशी कारण! एका बहाद्दराने अजून लिहिलेल्याच नाहीत अशा चाचण्यांसाठी आगाऊ परवाना मागितला. पद्धतबाईंनी दूरदृष्टी म्हणून त्याचं कौतुक केलं. सुरक्षा सल्लागार सह्या करून करून थकले आणि रजेवर गेले. कुठल्याशा बेटावर. फोन लागत नाही. मार्चच्या मध्यावर परत येणार.

संध्याकाळी दाढीला गाठलं. म्हटलं, तुझ्या आईवडिलांच्या इमारतीत तळघर आहे का रे?

"आहे."

"आणि लिफ्ट नवी की जुनी?"

तो दाढी खाजवत बसला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी फलक लालभडक! आजोबांचा खांब पेटला होता. साहेब दारातूनच मागे फिरले, पाणी मागवलं.

झालं असं — शनिवारी कोणीतरी गपचूप तो एक शब्द प्रोग्राममध्ये घातला. आजोबांनी पहिल्यांदाच उणे एकला उणे एक म्हटलं. तळघर जमिनीखाली आलं. चाचणी पास!

पण तिच्याकडे परवाना नापास व्हायचा. ती पास झाली म्हणजे अपेक्षाभंग. फलकावर भल्या मोठ्या अक्षरांत: "अनपेक्षित पास". लाल.

पद्धतबाई चाचणी विभागात आल्या आणि आजोबांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. अशा, की जणू घरी न सांगता कोणी पहिला नंबर काढलाय. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ही चाचणी पास कोणी केली?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला प्रथमच विचारला गेला. दाढी खिडकीबाहेर बघत होता. जन्मात त्याने खिडकीबाहेर बघितलेलं नाही. म्हटलं, बाई, वय झालंय त्यांचं, उतारवयात सुधारली असेल बुद्धी.

१८ फेब्रुवारी

चौकशी. निकाल एका तासात.

आता पर्याय दोन. परवाना रद्द करायचा, किंवा चूक परत आणायची. परवाना रद्द करायला त्याच तीन सह्या लागतात, आणि तिसरी सही बेटावर आहे. चूक परत आणायला फक्त दाढी लागतो.

दाढीने शब्द काढला. आजोबा दोनशे पंचावन्नावर गेले. खांब हिरवा झाला. साहेबांनी टाळी वाजवली — एकच, कोरडी. इतिवृत्तात पद्धतबाईंनी लिहिलं: "चूक पूर्ववत करण्यात आली."

बाहेर आल्यावर दाढी मला म्हणाला, "मॅडम, मी तीनदा नोकऱ्या बदलल्या. चूक केली म्हणून बोलणी खाल्ली, उशीर केला म्हणून खाल्ली. बरोबर केलं म्हणून आजच."

त्याला चहा पाजला. खरंच, खालचा ओठ आहे त्याला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिफ्टचा मेकॅनिक आमच्या इमारतीत नवी केबल बघायला आला होता. जिन्यात धरला. विचारलं, समजा लिफ्टच्या डोक्यात शिरलं की आपल्याला दोनशे पंचावन्नाव्या मजल्यावर जायचंय, तर काय होईल?

तो माझ्याकडे जरा सांभाळूनच बघायला लागला. मग म्हणाला, कुठे जाणार? वर टोकाला लोखंडी खटका असतो. तो सॉफ्टवेअरला विचारत बसत नाही, वर चढायची तेवढी वीज तोडतो. त्याच्या आधी वेग कमी करणारा दुसरा. सहाव्याला अलगद थांबेल, दार उघडेल. तुमच्या दारासमोर.

म्हणजे मरत कोणी नाही?

"मरायचं काय त्यात? पायपीट होईल." मग हत्यारांची पिशवी उचलत, "सगळ्यांच्या खटक्यांचं नाही सांगत. मी लावलेत त्यांचं सांगतो."

हे शेवटचं वाक्य घेऊन घरी आले. ते जेवणाच्या ताटातही होतं.

२१ फेब्रुवारी

सगळ्या जुन्या इमारतींचे खटके तपासून घ्या, तरच पुढे बोलू — असं लेखी कळवलं. साहेब म्हणाले, अडवणूक. मी म्हटलं, अपेक्षित अडवणूक. परवाना देता का?

२४ फेब्रुवारी, सोमवार

खटके तपासायला मेकॅनिक मंडळी निघाली. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसात ह्याला शिक्षा समजतात, मी तर सुट्टी समजते.

आई दोन दिवस खिडकीत बसत नाही. विचारलं तर म्हणाली, ऊन लागतं. ऊन त्या खिडकीत येतच नाही. खालच्या मावशींचा मला फोन: अगं, ती फोन उचलत नाही. म्हणते, चार महिने झाले, तेच तेच काय बोलायचं, तू खाली मी वर.

भांडण असतं तर बरं होतं. भांडताना ती जिवंत असते.

२६ फेब्रुवारी

खटक्यांचे अहवाल आले. सगळे ठीक, दोन गंजलेले होते ते बदलले. आता बाहेर जाण्याआधीची शेवटची सही माझी.

पद्धतबाई स्वतः कागद घेऊन आल्या. मी विचारलं, तो एक शब्द आत्ता घालता येत नाही, मग कधी येतो? त्यांनी खुर्ची ओढली. खुलासा करताना त्यांच्या चेहऱ्यावर खरंच तेज येतं.

"तातडीची दुरुस्ती म्हणून करता येते, मॅडम. परवाना रद्द झाला की लगेच. पण दुरुस्ती फक्त बाहेर गेलेल्या आवृत्तीची होते. जी बाहेरच गेलेली नाही तिची दुरुस्ती कशी करणार?"

"म्हणजे नीट करायला आधी बिघडलेलीच पाठवायला हवी."

"बरोबर," त्या म्हणाल्या. मला उशिरा का होईना समजलं ह्याचा त्यांना आनंद झाला.

दुसरा मार्ग सहा महिन्यांनी. पुढची मोठी आवृत्ती. सहा महिने आई वर.

बसून राहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीवर लोकांची सालटी काढली ती करायची पाळी आली की पेन फार जड होतं. शेवटी अट लिहून घेतली — प्रत्येक जुन्या इमारतीत पाटी लावायची, "तळघराचे बटण दाबू नये", आणि सल्लागार बेटावरून उतरले की पहिली सही आमच्या दुरुस्तीची. मग सही केली.

खाली तारीख नेहमीच्याच वळणदार अक्षरात आली, ह्याचंच वाईट वाटतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर गेली. चारही खांब हिरवे. साहेबांनी भाषण केलं: निघणं ही अडचण नसते, पोचणं ही असते. म्हटलं होतं ना!

४ मार्च, मंगळवार

लाल पट्टी निघाली. मेकॅनिकने नवी आवृत्ती बसवली. दार आता लिफ्ट थांबल्यावरच उघडतं, एखाद्या सभ्य माणसासारखं.

आईला खाली घेऊन गेले. तळमजल्याचं दार उघडलं तर खालच्या मावशी समोरच उभ्या. दोघींनी एकमेकींना नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत. मावशी म्हणाल्या, "वरून जाड दिसत होतीस."

आई म्हणाली, "तू वरून शहाणी दिसत होतीस."

मग दोघी आत गेल्या. मी तशीच उभी राहिले, मला कोणी बस म्हटलं नाही.

६ मार्च

पाटी लावली आहे. पाटी वाचून लोक बटण दाबतात. दाबू नये म्हटलेलं बटण हे दाबायचंच असतं.

सकाळपासून आमच्या दारात माणसं उगवतायत. पहिला हेल्मेट घातलेला, हातात स्कूटरची किल्ली. "हे तळघर?" आई म्हणाली, "तळघर खाली असतं, बाळा. बस, पाणी घे." मग दुसऱ्या मजल्यावरची नवी सून, कडेवर मूल. मग दस्तुरखुद्द चेअरमन — ज्यांनी पाटी लावली ते! म्हणे, बघत होतो, बंद झालं का.

दुपारपर्यंत आईला इमारतीतल्या अशा बातम्या कळल्या ज्या आम्हाला इतक्या वर्षांत कळल्या नव्हत्या. ऑफिसात साहेब खूश: बाहेरून एकही तक्रार नाही. कशी येणार? तक्रार करायला निघालेला माणूस आमच्याकडे चहा पिऊन जातो.

१० मार्च, सोमवार

लवकर घरी आले तर आई नाही. खाली धावले — मावशींकडे सोफ्यावर बसलेली, दोघी मिळून तिसऱ्या कोणाला तरी नावं ठेवतायत.

विचारलं, कोण घेऊन आलं? मावशी म्हणाल्या, रोज येते की.

"आणि वर कोण सोडतं?"

आई म्हणाली, "लिफ्ट."

चेष्टेच्या मनःस्थितीत होती. असेल कोणी शेजारची.

१४ मार्च, शुक्रवार

सल्लागार परतले. रंग तांब्यासारखा, सही तशीच. परवाना रद्द! दाढीने तो एक शब्द पुन्हा घातला, ह्या वेळी उजेडात. आजोबांनी उणे एकला उणे एक म्हटलं. खांब हिरवा — खराखुरा हिरवा. मी आजोबांवरची धूळ पुसली. दाढीने माझा फोटो काढला. बावळट दिसते आहे त्यात, पण असू दे.

सोमवारी दुरुस्ती सगळ्या जुन्या इमारतींना जाणार. आमची पहिली.

१६ मार्च, रविवार

वेणी घालताना आईला सांगितलं — उद्या मेकॅनिक येतोय, तळघराचं बटण आता खरंच खाली नेईल, घरात सारखी माणसं येणं बंद.

वाटलं, हुश्श करेल. मान जराही हलली नाही. मग म्हणाली, "मग मी घरी कशी येऊ?"

म्हटलं, सहा दाबून, आणखी कशी.

तिने हात वर केला. छातीपर्यंत आला. तिथेच थांबला. लिफ्टमध्ये बटणांची एकच उभी ओळ आहे. सगळ्यात वर सहा, सगळ्यात खाली उणे एक. शून्य तिच्या हाताला लागतं, म्हणजे खाली जाता येतं. सहा लागत नाही. कधीच लागलेलं नाही, खांदे गेल्यापासून.

"आणि ती घंटा?"

"काठीने सहा दाबायला गेले होते. काठी घसरली, शेजारची घंटा वाजली. सगळे पळत आलात. मग काय सांगू? म्हटलं, बघितलं चालते का."

वेणीचा पेड हातातून सुटला. तिने सुटू दिला. मग सांगत राहिली — माणसं चुकून वर येतात हे बघितलं, तेव्हाच लक्षात आलं. सगळ्यात खालचं बटण दाबायचं, घर येतं. कोणाची वाट बघावी लागत नाही.

मेकॅनिकला फोन केला, बटणांची पट्टी खाली घेता येईल का. म्हणाला, येईल, पण खालची पट्टी नव्या पॅनेललाच बसते. नवं पॅनेल कधी? ते त्यालाही माहीत नाही. चेअरमनांकडे मी जाणार होते. त्याआधी आईच जाऊन आली, आमच्या लिफ्टला दुरुस्ती तूर्त नको म्हणून. एकटी. ते म्हणाले, राहू दे, तळघरात जायला तळमजल्यापासून एक जिना उतरायला आम्हाला काय धाड भरलीये.

१७ मार्च, सोमवार

दुरुस्ती सगळ्या इमारतींना गेली. आमची सोडून. यादीत आमच्या इमारतीपुढे सोडल्याचं कारण लिहावं लागतं. लिहिलं — अपेक्षित. तिन्ही सह्या एका दिवसात!

घरी आले तर दाराला कुलूप. आई बाहेर गेली आहे.